आम्ही लांब राहतो म्हणून घाई करतायत का?

पत्र

माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. 33व्या आठवड्यात झाला, सुरुवातीला पेटीत ठेवावा लागला होता. महिनाभरापासून जोरात रडला की त्याच्या उजव्या जांघेत गाठ येते, शांत झाला की जाते. आमच्या गावापासून शहर चार तासांवर. तिथले मुलांचे सर्जन महिन्यातून एकदा जवळच्या दवाखान्यात येतात. त्यांनी बघितलं, ‘हर्निया आहे, दोन-तीन आठवड्यांत शहरात येऊन ऑपरेशन करून घ्या’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. इथले सर्जन म्हणतात, ‘एवढ्यासाठी शहरात कशाला, मी करतो.’ सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला भूल नको, वर्षाचा होऊ द्या. शहरात राहणाऱ्या माझ्या दिरांच्या मुलीला बेंबीचा हर्निया आहे, तिला मात्र डॉक्टरांनी चार-पाच वर्षं थांबायला सांगितलंय. मग आम्हालाच घाई का? आम्ही गावाकडचे, पुन्हा येणार नाही असं वाटतं म्हणून? घरात रोज वाद होतो.
— एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रात तोच सगळ्यात जास्त बोचतोय. हो, तुम्ही लांब राहता ही गोष्ट त्या डॉक्टरांनी धरली असणार. धरायलाच हवी. त्यात तुम्हाला कमी लेखण्याचा भाग नाही.

मीही मुलांची सर्जन आहे. समजा माझ्यासमोर दोन बाळं आली. दोघांची गाठ सारखी, वजन सारखं, वय सारखं. एकाचं घर रुग्णालयापासून वीस मिनिटांवर, दुसऱ्याचं चार तासांवर. ही गाठ, म्हणजे जांघेत उतरलेलं आतडं, एखाद्या रात्री तिथेच अडकली, तर पहिलं बाळ तासाभरात आमच्या हातात असतं. दुसऱ्याच्या घरी आधी गाडी शोधायची, मग रस्ता, मग जवळच्या दवाखान्यात थांबून चिठ्ठी घ्यायची, मग पुन्हा रस्ता. तोवर आतड्याचा आणि वृषणाचा रक्तपुरवठा तुटत चाललेला असतो. म्हणून पहिल्याला मी कदाचित पुढच्या महिन्याची तारीख देईन, दुसऱ्याला पुढच्या आठवड्याची. घरापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत किती वेळ लागेल, हा आमच्या कामात तपासणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. जगभरातल्या शस्त्रक्रियांच्या सोयींचा अभ्यास करणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानेही 2015 साली हाच निकष मांडला: तातडीची ऑपरेशनं होतात अशी जागा दोन तासांच्या आत गाठता आली पाहिजे. तान्ह्या बाळाच्या ऑपरेशनपुरतं बघितलं तर तुम्ही त्या दोन तासांच्या बाहेर आहात. त्यात तुमचा काही दोष नाही, पण तुमच्या बाळाचा सल्ला ठरवताना ते विसरून चालत नाही.

आता दिरांच्या मुलीबद्दल. तिचा आणि तुमच्या बाळाचा आजार नावापुरता एक आहे. नाळ पडल्यावर बेंबीमागचं कडं काही मुलांमध्ये लगेच मिटत नाही, तिथून फुगवटा येतो. हे कडं बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर आपोआप मिटतं आणि तिथे आतडं अडकणं फार क्वचित घडतं. म्हणून चार-पाच वर्षं वाट बघायला सांगितलं, ते अगदी योग्य आहे. ती मुलगी शहराऐवजी तुमच्या गावात असती, तरी तिला हेच सांगितलं असतं.

जांघेतल्या हर्नियाची गोष्ट वेगळी. मुलाचं वृषण आईच्या पोटात असताना आधी त्याच्या मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत खाली उतरतं. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक नळी ते सोबत ओढून आणतं. काम झालं की ही नळी जन्माच्या सुमारास मिटून जाते. तुमचं बाळ 33व्या आठवड्यातच बाहेर आलं, म्हणजे हे काम चालू असतानाच. पूर्ण दिवसांच्या बाळांत शंभरात एक ते पाच जणांना असा हर्निया होतो. खूप लवकर जन्मलेल्या बाळांत हे प्रमाण काही अभ्यासांत 30 टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. उजवं वृषण डाव्याच्या मागून उतरतं, त्यामुळे उजवी बाजू जास्त वेळा सापडते. बाळ रडलं की पोटातला दाब वाढतो, उघड्या नळीतून आतडं खाली सरकतं आणि तुम्हाला गाठ दिसते. ‘त्याला रडू देऊ नका’ असं तुम्हाला घरात ऐकावं लागत असेल, तर हे नक्की सांगा की रडण्यामुळे हर्निया होत नाही. नळी जन्मापासून उघडी आहे, रडण्याने ती फक्त दिसून येते. यात तुमच्या सांभाळण्याची काही चूक नाही.

ही गाठ डॉक्टरांनी बघताच ओळखली, याचंही तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. पुष्कळदा दवाखान्यात आणल्यावर बाळ शांत असतं आणि गाठ दिसतच नाही. मग आम्ही आई-वडिलांच्या मोबाइलमधला फोटो बघतो. तुमच्याकडे फोटो नसेल तर पुढच्या वेळी गाठ आली की काढून ठेवा, दोन्ही जांघा आणि अंडकोष एकाच चौकटीत येतील असा. शहरात पोहोचल्यावर पुन्हा ‘इथे तर काही दिसत नाही’ असं होणार नाही.

सासूबाईंची काळजी मी बाजूला सारणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते तुमच्या बाळाला आज किती लागू पडतं ते बघायला हवं. लवकर जन्मलेल्या बाळांचं हे ऑपरेशन नवजात कक्षातून घरी सोडण्याआधी करावं की नंतर, यावर अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अभ्यास केला. तो 2024 साली प्रसिद्ध झाला. घरी सोडण्याआधी ऑपरेशन झालेल्या बाळांपैकी 28 टक्क्यांना गंभीर त्रास झाला. गर्भारपणाचे आणि जन्मानंतरचे मिळून 55 आठवडे होईपर्यंत जी थांबली, त्यांच्यात हे प्रमाण 18 टक्के होतं. म्हणजे थोडं मोठं होऊ देण्यात शहाणपण आहेच. पण हिशेब करा: 33 आठवडे पोटात आणि आता पाच महिने बाहेर. तुमचं बाळ त्या 55 च्या आसपास आलंय. सासूबाईंनी म्हटलेली वाट बघून झालीय. इथून पुढे वर्षाचा होईपर्यंत थांबायचं, तर गाठ अडकण्याचा धोका ज्या पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असतो, तेच वर्ष रुग्णालयापासून चार तास लांब काढायचं. हे मला पटत नाही.

भुलेचा मेंदूवर परिणाम होतो का, ही भीती सासूबाईंना आहे तशी शहरातल्या शिकलेल्या घरांमध्येही आहे. या प्रश्नावर सगळ्यात चांगला अभ्यास नेमका तुमच्या बाळासारख्या मुलांवरच झालाय. सात देशांतल्या 28 रुग्णालयांत हर्नियाचं ऑपरेशन होणारी 722 तान्ही बाळं घेतली. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. ती मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. दोन्ही गटांत फरक नव्हता. हा निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाला. तो तासाभराच्या आतल्या, एकदाच दिलेल्या भुलेबद्दल आहे आणि तुमच्या बाळाचं ऑपरेशन त्यातच बसतं. हा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवा. नातवाची काळजी करणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या गावाजवळच्या सर्जनबद्दल मला आदरानेच लिहायचंय. लहान गावात अहोरात्र सगळ्या प्रकारची ऑपरेशनं करणाऱ्या माणसांमुळे किती जीव वाचतात, ते आम्ही शहरात बसून विसरतो. चार-पाच वर्षांच्या, पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलाचा प्रश्न असता, त्यांनी अशा मुलांची ऑपरेशनं नेहमी केली असती आणि मुलांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ सोबत असते, तर मी तुम्हाला शहराची वाट धरायला लावली नसती. तुमच्या बाबतीत अडचण आहे ती रात्रीची. लवकर जन्मलेली बाळं भुलेनंतर काही तास मधेच श्वास घ्यायचं थांबवू शकतात. गर्भारपण धरून वय 60 आठवडे होईपर्यंत बहुतेक ठिकाणी अशा बाळाला त्याच दिवशी घरी सोडत नाहीत. रात्रभर मॉनिटर लावून ठेवतात आणि श्वास अडखळला तर लगेच धावून येणारी, तान्ह्या बाळांची सवय असलेली सिस्टर जवळ असावी लागते. तेव्हा तुमच्या गावाजवळच्या डॉक्टरांना राग न येईल अशा शब्दांत हे विचारा: पाच-सहा किलोच्या बाळाला भूल कोण देणार, रात्री बाळाजवळ कोण असणार, आणि श्वास थांबला तर पुढे काय सोय आहे. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर शहरात जा. चांगला डॉक्टर असे प्रश्न विचारले म्हणून रागावत नाही.

शिवाय ऑपरेशनही दिसतं तितकं किरकोळ नाही. मोठ्या माणसांच्या हर्नियात स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून तिथे जाळी बसवतात. बाळाचे स्नायू चांगले असतात, फक्त नळी मिटवायची असते, जाळी लागत नाही. जांघेच्या घडीत एक-दोन सेंटीमीटरचा छेद घेतला की वृषणाकडे जाणारी दोरी सापडते. तिच्यात वीर्यवाहिनी, रक्तवाहिन्या आणि ती नळी एकमेकींना चिकटलेल्या असतात. तान्ह्या बाळाची नळी ओल्या टिश्यू पेपरसारखी असते, जरा ओढली की फाटते. तिच्यापासून दोऱ्याएवढी वीर्यवाहिनी अलगद सोडवायची, तिला चिमट्यात पकडायचं नाही, आणि मग नळी वर पोटाजवळ बांधायची. आम्ही भिंग लावून हे काम करतो. हात या मापाचा बसलेला असला तर ते अर्ध्या-पाऊण तासात होतं. एवढ्या लहान बाळात नेहमी हेच करणारा हात असावा असं मी म्हणते ते यासाठी.

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत तुम्हाला जे माहीत असायलाच हवं, ते आता सांगते. हे घरातल्या प्रत्येकाला कळू द्या, कारण त्या वेळी बाळ कोणाकडे असेल सांगता येत नाही.

येऊन जाणारी गाठ दिसली म्हणून लगेच धावायचं नाही. गाठ आली आणि बाळ शांत झाल्यावरही गेली नाही, हाताला कडक लागली, बाळ किंचाळून रडतंय, अंगावर पीत नाही, उलट्या होतायत, वरची कातडी लाल दिसतेय, यातलं काहीही असेल तर हर्निया अडकलाय असं समजून निघायचं. सकाळ होण्याची वाट बघू नका. निघण्याआधी आणि वाटेत दूध पाजू नका. गाठ स्वतः दाबून आत ढकलायचा प्रयत्न करू नका. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: सरळ शहराकडे चार तासांची गाडी पकडू नका. आधी सगळ्यात जवळच्या, डॉक्टर हजर असलेल्या रुग्णालयात जा. तुमच्या गावाजवळचे सर्जन अशा वेळी खरे उपयोगी पडतील. बाळाला शांत करणारं औषध देऊन, दुखणं कमी करून, एका हाताने गाठीच्या तोंडाशी वाट सरळ धरून दुसऱ्या हाताने हळूहळू, काही मिनिटं सतत हलका दाब देत आतडं पोटात परत सरकवता येतं. बहुतेक वेळा ते जमतं. जमलं की बाळ लगेच शांत होतं आणि घरच्यांना वाटतं, झालं, आता घरी जाऊ. जाऊ नका. तिथूनच शहरातल्या डॉक्टरांना फोन करायला लावा आणि निघा. सूज उतरायला एक-दोन दिवस देऊन त्याच मुक्कामात ऑपरेशन करतात, कारण अडकलेली गाठ पुन्हा अडकते. आत गेली नाही तर वेळ न घालवता पुढे पाठवतील, तोवर सलाइन सुरू झालेलं असेल आणि शहरातली टीम तयार असेल. शहरातल्या डॉक्टरांचा किंवा त्यांच्या वॉर्डाचा रात्री उचलला जाणारा नंबर आजच घेऊन ठेवा.

हे सदर काही आरोग्यसेविका वाचतात, म्हणून जाता जाता त्यांच्यासाठी: तान्ह्या बाळाची उलटी हिरवी असेल, तर आतड्याला पीळ पडलाय असं धरून त्याच तासाला पाठवा. जन्मल्यापासून 24 तासांत शी झाली नाही, तर शीची जागा आहे ना ते डोळ्यांनी बघा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आहे आणि शी पांढुरकी होतेय, तर ‘उन्हात धरा’ म्हणून दिवस घालवू नका. पित्तनलिका बंद असलेल्या बाळाचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तरच चांगला उपयोग होतो. आणि कोणत्याही वयाच्या मुलाला एका बाजूच्या अंडकोषात अचानक जोराची कळ आली, तर सहा तासांच्या आत सर्जन गाठायचा. उलट, लिंगाची पुढची कातडी मागे जात नाही म्हणून लहान मुलांना ऑपरेशनसाठी आणतात, त्यातल्या बहुतेकांना काही करावं लागत नाही. हे मात्र शहरातल्या आई-वडिलांना जास्त समजावून सांगावं लागतं.

पुन्हा तुमच्याकडे. शहरात खेपा घालायला लागू नयेत, म्हणून तारीख घेताना स्पष्ट सांगा: ‘आम्ही चार तासांवरून येतो, तपासण्या आणि भूलतज्ज्ञांची भेट ऑपरेशनच्याच खेपेत बसवा.’ रक्ताची तपासणी तुमच्याकडे करून रिपोर्ट फोनवर पाठवता येतो. हिमोग्लोबिन त्यात असलंच पाहिजे. लवकर जन्मलेल्या बाळात रक्त कमी असलं तर भुलेनंतर श्वास थांबण्याचा धोका वाढतो, म्हणून लोहाचे थेंब चालू असतील तर चुकवू नका. निघायच्या आदल्या दिवशी बाळाला ताप, खोकला किंवा छातीत घरघर असेल, तर निघण्याआधी फोन करा. अशा वेळी ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलतात आणि तेवढ्यासाठी आठ तासांचा जाऊन-येऊन प्रवास फुकट जातो. आदल्या संध्याकाळीच पोहोचा. अंगावरचं दूध साधारण चार तास आधीपर्यंत चालतं, वरचं दूध सहा तास आधी बंद करतात. नेमकी वेळ तिथले भूलतज्ज्ञ सांगतील. पहाटे निघून धावतपळत आलेल्या घरांत नेमकी हीच गडबड होते: बाळ रस्त्यात भुकेने रडतं, कोणीतरी पाजतं आणि ऑपरेशन दुपारवर किंवा दुसऱ्या दिवसावर जातं.

जन्माची आणि नवजात कक्षातली सगळी कागदं सोबत न्या. तिथे ऑक्सिजन किती दिवस होता, श्वासाची नळी घातली होती का, हे भूलतज्ज्ञांना लागतं. डॉक्टरांना हेही विचारा की दोन्ही वृषणं खाली उतरलीयत का. लवकर जन्मलेल्या मुलांत एखादं वर राहिलेलं असू शकतं आणि असेल तर ते याच भुलेत खाली आणून बसवता येईल का, ते आधीच ठरवायला हवं. डावीकडचंही विचारा. पुढे दुसऱ्या बाजूला हर्निया निघण्याची शक्यता शंभरात सात-आठ मुलांत असते. काही सर्जन दुर्बिणीने त्याच वेळी आतून बघून घेतात, काही दिसेल तेव्हा करू म्हणतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत, पण लांबून येणाऱ्या घराला यावर मत देण्याचा अधिकार आहे. तो वापरा.

त्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत तुम्हाला वाटेला लावलं, त्याची बाजू मी घेणार नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या सर्जनच्या दाराबाहेर पहाटेपासून रांग असते, हे खरं. पण ‘दोन-तीन आठवड्यांत या’ याच्यापुढे ‘कारण तुम्ही लांब आहात आणि मला रात्रीची भीती वाटते’ एवढं एक वाक्य त्यांनी जोडायला हवं होतं. ते जोडलं असतं तर तुमच्या घरातला निम्मा वाद झालाच नसता. शहरातलं कुटुंब असं वाक्य मिळेपर्यंत खुर्चीतून उठत नाही. तुम्हीही उठू नका. कागदावर चित्र काढून दाखवा म्हणा. दिरांना सोबत न्यायचं असेल तर न्या, पण बाळाबद्दलचं बोलणं डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून करावं, असा आग्रह धरा. बाळाला रोज बघणारी व्यक्ती तुम्ही आहात.

ऑपरेशननंतर पहिल्या रात्री बाळ मॉनिटरवर असेल, तारा बघून घाबरू नका. पूर्ण जागा झाला की अंगावर पाजायला देतात. टाके आतले आणि विरघळणारे असतात, काढायला यावं लागत नाही. अंडकोष काही दिवस सुजलेला, निळसर दिसतो, ती सूज आपोआप उतरते. शक्य असेल तर सुट्टी मिळाल्यावर एक रात्र शहरातच नातेवाइकांकडे राहा आणि मग निघा. आठवड्याने जखमेचा फोटो पाठवला आणि तुमच्या जवळच्या डॉक्टरांनी एकदा हात लावून बघितलं तर बहुतेक सर्जनना ते चालतं. तीन महिन्यांनी मात्र शहरातले सर्जन तुमच्याकडच्या दवाखान्यात येतील तेव्हा बाळाला दाखवा, वृषण खाली जागेवर आहे आणि दोन्ही बाजू सारख्या वाढतायत ना, हे त्यांनी स्वतः बघायला हवं.